गळिताच्या दिवसांतली शिफारस

कारखाना सुरू झाला की आमच्या निरवांगीत ते आधी नाकाला कळतं. सकाळी दार उघडावं तर मळीचा गोडसर, आंबूस, किंचित करपलेला वास अंगणात येऊन थांबलेला असतो. कानाला नंतर कळतं. रस्त्यानं ट्रॅक्टर जातात, मागे उसानं शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टपाला बांधलेल्या स्पीकरमधून लग्नातली गाणी. ट्रॉली खड्ड्यात आपटली की चार ऊस खाली पडतात. शेतात राहिलेला ऊस तुऱ्यावर आलेला असतो. सकाळच्या धुक्यात ते तुरे पांढरे दिसतात, ऊन वर आलं की फिकट जांभळे.

यंदा कितीतरी वर्षांनी मला गळीत हंगामात रजा मिळाली. अंगणात बाजेवर बसून मी ऊस सोलत होते, लहानपणीसारखा, दातांनी. तेवढ्यात माझ्या कंपनीतल्या नव्या लेफ्टनंटचा फोन आला. लष्कराच्या अकॅडमीतून बाहेर पडून त्याला फार दिवस झालेले नाहीत. एका जवानाच्या बदलीचं काहीतरी होतं. तो भराभर सगळं सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, मी त्याला हो म्हणून टाकलंय."

मला हसू आलं. तोंडात चोथा होता म्हणून बरं, त्याला ऐकू गेलं नाही. त्याला जे सांगायचं ते मी सांगितलं आणि फोन ठेवला. पण मग सोललेला ऊस तसाच हातात राहिला. समोरून ट्रॉल्या जात होत्या, आणि मला मी स्वतः लेफ्टनंट असतानाचा हंगाम आठवत राहिला.

अकॅडमीत आम्हांला पळायला शिकवलं, नकाशा वाचायला शिकवलं, पावसाचिखलातही आवाज खणखणीत कसा काढायचा ते शिकवलं. अधिकारी म्हणजे सगळ्यांच्या पुढे उभं राहणारा माणूस, एवढं मनात घेऊन मी पलटणीत रुजू झाले. माझे कंपनी कमांडर म्हणजे एक सडपातळ, कमी बोलणारे मेजर साहेब. त्यांनी माझा सॅल्यूट घेतला, चहा पाजला आणि म्हणाले, "उद्यापासून लंगर तू बघायचंस." लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर.

माझं सगळं शौर्य मग डाळीत गेलं. सकाळी कढईपाशी उभं राहून डाळीची चव घ्यायची. चव सगळ्यांच्या आधी घ्यायची आणि जेवायचं मात्र सगळ्यांच्या नंतर, हा तिथला रिवाज. आचारी हवालदार माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, जणू मी त्याच्या पोरीचं स्थळ बघायला आलेय. डाळ झाली की बराकी. कुठला नळ गळतो, कुणाच्या मच्छरदाणीला भोक आहे, आंघोळीचं पाणी तापलं का. त्यानंतर रजेवर जाणाऱ्यांची विचारपूस. एकेक जवान समोर ताठ उभा राही. मी विचारी, "घरी सगळं ठीक?" तो म्हणे, "ठीक, मॅडम." सगळ्यांच्या घरी सगळं ठीक असे. एवढी ठीक माणसं मी आयुष्यात कुठे पाहिली नव्हती.

या सगळ्यात माझ्या सोबतीला असायचे सुभेदार साहेब. हिमाचलचे, पांढऱ्या मिश्यांचे, वयानं माझ्या वडिलांएवढे, हुद्द्यानं माझ्या खाली. मी त्यांना साहेब म्हणायची आणि तेही मला साहेब म्हणायचे. दोन साहेब शेजारी-शेजारी चालताना कोण कुणाचं ऐकतंय ते बाहेरच्याला कळायचं नाही. कधी कधी मलाही कळायचं नाही. त्यांची हिंदी डोंगराळ वळणाची, ती मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही.

एकदा व्हॉलीबॉलच्या मैदानावर एका जवानानं मला गाठलं. चार दिवस सुट्टी हवी होती. मी खुशीत होते, आमची टीम जिंकली होती. म्हणाले, जा. सुभेदार साहेब तेव्हा बुटाच्या टोकाकडे बघत राहिले. संध्याकाळी चहा पिताना त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, त्याच्या सेक्शनच्या हवालदारानं त्याला कालच थांब म्हटलं होतं. उद्या तो हवालदार सेक्शनसमोर कुठल्या तोंडानं उभा राहील?" मला वाटलं होतं, हुद्द्यांची ही साखळी वर जाणाऱ्यांनी पाळायची असते. ती खाली उतरतानाही पाळायची असते हे मला तेव्हा कळलं. चहा गार झाला. त्यांनी दुसरा मागवला आणि आपल्या सफरचंदाच्या बागेत माकडं कशी शिरतात ते सांगत बसले.

पहिली रजा मिळाली ती अशाच थंडीत. घरी आले तर आबांचा जीव ऊसतोडीत अडकलेला. ऊस पक्व होऊन उभा होता आणि कारखान्याची टोळी आज येते, उद्या येते असं चाललेलं. आबा म्हणजे माझे वडील. ते रोज बांधावर जाऊन उसाकडे असे बघत, जणू तोच टोळीला अडवून बसलाय. आई मला खायला घालत होती आणि माझे केस एवढे बारीक का कापले म्हणून रोज एकदा डोळ्यांना पदर लावत होती.

अशातच सुभेदार साहेबांचा फोन आला. आमच्या प्लाटूनचा, म्हणजे माझ्या हाताखालच्या तीसेक जणांच्या तुकडीचा, एक शिपाई, नितीन गावडे, रजा संपूनही परतला नव्हता. त्याचा फोन लागत नव्हता. मी रुजू झाले तेव्हा तो दुसऱ्या ठाण्यावर ड्यूटीला होता, आणि तो परतून रजेवर गेला तेव्हा मी एका कोर्सला गेले होते, म्हणून मी त्याला कधी बघितलंच नव्हतं. "त्याचं गाव काटेवाडी आहे," सुभेदार साहेब म्हणाले. "मेजर साहेब विचारतायत, ते आपल्या घरापासून लांब आहे का?"

लांब कसलं! बारामतीला जाताना वाटेत लागतं. मी आबांना म्हटलं, "गाडी काढा."

"कोन हाय त्यो?"

"माझा शिपाई आहे. हजर झाला नाही."

"तुजा शिपाई," आबा हळूच म्हणाले. त्यांनी मोटारसायकल फडक्यानं दोनदा पुसली. एरवी ती कधी पुसत नसत.

वालचंदनगर मागे टाकून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग. पाचटाचा कचरा उडून डोळ्यांत जात होता. आबा मान मागे वळवून ओरडत होते, "सापडला न्हाय तर काय करत्यात गं?" मी ओरडून सांगत होते. आधी गैरहजर लावतात. बरेच दिवस गेले की पोलिसांना कळवतात. माणूस परत आला तरी ते त्याच्या नोकरीला कायमचं चिकटतं, बढती अडकते.  आबा गाडी जोरात मारायला लागले.

काटेवाडीत गावड्यांची वस्ती शोधायला वेळ लागला नाही. घरापुढच्या गोठ्यात एक तरुण माणूस बनियनवर बसून म्हशीची धार काढत होता. ओसरीवर एक म्हातारा, पाय प्लास्टरमध्ये, खुर्चीवर.

"नितीन गावडे?" मी विचारलं.

"व्हय. तुमी?"

मी पंजाबी ड्रेसमध्ये, केस धुळीनं भरलेले, मागे धोतर-टोपीतले आबा. "मी तुझी प्लाटून कमांडर."

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग चरवी खाली ठेवायचं भान न राहता तसाच ताठ उभा राहिला, दूध हिंदकळून पायावर सांडलं. "जय हिंद, मॅडम!" म्हैस बिचकली. आबांनी पुढे होऊन तिला धरलं आणि त्याच्या हातातली चरवी घेऊन खाली बसले. उरलेली धार त्यांनीच काढली.

नितीनची गोष्ट गुंतागुंतीची नव्हती. त्याची आई केव्हाच गेलेली. वडील तात्या मळ्यात पाय घसरून पडले होते. बायको दीपाली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण दीपालीला माहेरच नव्हतं. तिला वाढवणारा मामा गाव सोडून सुरतेला गेलेला. त्यात तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी बारामतीच्या दवाखान्यात भरती व्हायला सांगितलं. नितीन दिवसभर दवाखान्यात, सकाळ-संध्याकाळ धारेला गोठ्यात.

"पलटणीत कळवलं का नाहीस?"

"कळवलं ना मॅडम. सेक्शनच्या हवालदारांना फोन केला. रजा वाढवून पायजे म्हणलं. ते म्हणले, बघतो."

"मग?"

"मग मला वाटलं, बघितलं असंल."

नंतर कळलं, हवालदार दुसऱ्याच दिवशी कोर्सला निघून गेला होता. नितीनचा निरोप त्याच्यापाशी थांबला तो थांबलाच. आणि फोन का लागत नव्हता? तो म्हशीच्या गव्हाणीत पडला होता. तिनं तुडवला.

"दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंस," मी म्हटलं.

तो खाली बघत म्हणाला, "वरच्यांना कसं सांगायचं मॅडम? आन् तुमी नवीन आलाय एवढंच ऐकलं हुतं. तुमचा नंबर न्हवता."

ओसरीवरून तात्या म्हणाले, "बाई, त्याला न्या तुमी. नोकरी हाय. माझं काय, मी बसून हाय." पण ते बोलताना बघत होते नितीनकडेच.

आम्ही बारामतीला दवाखान्यात गेलो. दीपाली खिडकीजवळच्या खाटेवर डाव्या कुशीवर पडली होती. वयानं माझ्याएवढीच. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. मी कोण ते नितीननं सांगितलं तशी ती हातावर जोर देऊन उठून बसली.

"न्यायला आलाय व्हय?"

"तसं नाही..."

"मग कसं? माज्याजवळ कोन ऱ्हाईल? डाक्टर म्हनत्यात कवा बी काय बी हुईल. मला एकटीला मरायला सोडून ह्यांनी तितं परेड करायची?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिचे हात चादरीला घट्ट धरून होते. ते हात बघितले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाळ घरी जाईपर्यंत तो कुठे जाणार नाही. मी शब्द देते."

तिचे हात सुटले. ती परत कुशीवर झाली. नितीननं माझ्याकडे बघितलं ते मी विसरू शकत नाही. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

बाहेर आले. समोर रसवंती होती, चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. आबांनी दोन ग्लास रस सांगितला. मी म्हटलं, आता सीओ साहेबांना फोन लावते. सीओ म्हणजे अख्ख्या पलटणीचे प्रमुख, रजा वाढवणं त्यांच्याच हातात. आबा म्हणाले, "लाव की. आमी न्हाय का तोड मिळंना की थेट चेअरमनला फोन लावत!"

"मग मिळते का?"

"न्हाय. चिटबॉय रागावतो, आन् आपली तोड आजून मागं जाती." चिटबॉय म्हणजे कारखान्याचा गावोगाव फिरून तोडीची पाळी लावणारा माणूस.

मी सीओंचा नंबर काढला होता, तो तसाच ठेवला आणि सुभेदार साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गावडे सापडला म्हणून देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "मेजर साहेब ऑफिसातच आहेत. देतो."

मेजर साहेबांनी प्रश्नच प्रश्न विचारले. कुठला दवाखाना? डॉक्टर काय म्हणाले, त्यांचे शब्द सांग. वडिलांचं प्लास्टर कधी निघणार? गुरं कोण बघतं? बायकोकडचं कोणीच नाही, याची खात्री केलीस?  निम्म्या प्रश्नांची उत्तरं मी दोनदा आत जाऊन विचारून आले. रसाचा ग्लास आबांनी हातात धरून ठेवला होता. शेवटी त्यांनी विचारलं, "तू त्यांना काय सांगितलंस?"

मी सांगितलं.

 मग ते म्हणाले, अगदी हळू आवाजात, "रजा देणं तुझ्या हातात नाही. माझ्याही नाही. तुझ्या हातात शिफारस आहे. तिला कमी समजू नकोस. तिथे त्या खाटेजवळ आत्ता पलटणीतलं एकच माणूस उभं आहे. तू जे बघितलंस ते नीट लिहून मला पाठव, मी त्यावर माझं लिहून सीओ साहेबांकडे नेतो. पण गैरहजर माणसाची रजा वाढत नाही. तो आधी हजर हवा. पुण्याच्या लष्करी ठाण्यात जाऊन हजेरी दिली तरी चालेल. उद्या सकाळी जाऊ दे त्याला."

"आणि सीओ साहेब नाही म्हणाले तर?"

"तर मी पुन्हा विचारीन. आता आत जा आणि त्या मुलीला खरं सांग."

दवाखान्याच्या त्या पायऱ्या मी पुष्कळ वेळ घेऊन चढले. त्याच्याआधी आणि नंतरही मला अवघड कामं पडली, पण दिलेला शब्द परत घ्यायला जाणं हे त्यातलं वेगळंच. मी दीपालीच्या खाटेच्या कडेवर बसले आणि म्हटलं, "मघाशी मी जे बोलले ते माझ्या हातातलं नव्हतं. नितीनला उद्या पुण्याला जावं लागेल. हजेरी देऊन तो लगेच परत फिरेल. रजा वाढेल की नाही ते मला सांगता येत नाही. वाढावी म्हणून मी लिहिते आहे."

तिनं चादर परत मुठीत धरली. "मग उद्या दिवसभर माज्याजवळ कोन?"

हे मला मेजर साहेबांनी सांगितलं नव्हतं. कुठल्या पुस्तकातही नव्हतं. "मी," मी म्हटलं. "आणि माझी आई."

"तुमी? सायेब लोक?"

"आई साहेब नाही. ती फार बोलते, तेवढं सांभाळून घ्या."

पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसण्यासारखं काहीतरी आलं.

आई एसटीनं आली. सोबत डिंकाचे लाडू, दोन लुगडी, जुन्या मऊ कापडाची दुपटी. ज्या घरी आजवर कधी गेली नव्हती तिथल्या बाळासाठी तिनं दुपटी कुठून काढली कोण जाणे. आबा काटेवाडीला तात्यांपाशी राहिले, गोठा सांभाळायला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नितीन पुण्याच्या गाडीत बसला त्याच सकाळी, आमच्या निरवांगीच्या रानात तोडीची टोळी येऊन उभी राहिली. आबांनी काटेवाडीच्या गोठ्यातून फोनवरून ऊस तोडवला. चुलत्यानं मुकादमाला सांगायचं, मुकादमानं टोळीला. तात्या नंतर सांगत होते, "तुमचे वडील धार काढता काढता असे ओरडत हुते, म्हशीला वाटलं तिलाच बोलत्यात."

दुपारी दीपालीचं डोकं दुखायला लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. नर्सनं रक्तदाब मोजला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला पळाली. बाई आल्या, तपासलं. आत्ताच ऑपरेशन करायला हवं म्हणाल्या. मी आबांच्या फोनवर तात्यांना गाठलं आणि फोन बाईंच्या हातात दिला. तात्यांचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "करा बाई, काय बी करा, पोरीला वाचवा." पोरीला म्हणाले, सुनेला नाही.

दीपालीनं स्वतः सही केली. तिच्याखाली सोबतच्या माणसाची सही हवी होती. नर्सनं कागद माझ्यापुढे धरला. नाव लिहिलं, सही केली. पुढे जागा होती, 'रुग्णाशी नाते'. पेन तिथे थांबलं. बहीण लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. पण कालच एक शब्द परत घेऊन झाला होता. मी लिहिलं, 'पतीची प्लाटून कमांडर'.

नर्सनं वाचलं. "हे कसलं नातं?"

आई म्हणाली, "आसतंय तसलं बी. तुमी तिला आत न्या."

आत नेताना दीपालीनं माझा हात धरला होता. दारापाशी तो सोडवावा लागला. मी आणि आई बाकावर बसलो.  आईनं माझे बारीक कापलेले केस हातानं मागे सारले, आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला. बाहेर रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जात होते. मला त्यांना ओरडून थांबवावंसं वाटत होतं.

मग आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, खणखणीत. नर्सनं दार उघडून सांगितलं, मुलगी आहे, बाळंतीणही बरी आहे. माझ्या आईनं बाकावरच माझ्या मांडीवर डोकं टेकवलं.

आता हे नितीनला सांगायचं होतं. त्याच्याजवळ तात्यांचा फोन दिला होता, पण तो बंद लागत होता. लष्करी ठाण्यात फाटकावरच फोन जमा करून घेतात. मग मी सुभेदार साहेबांना कळवलं, "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण त्यांनी दोनदा नाक शिंकरलं. पुण्याच्या ठाण्यात त्यांच्या ओळखीचे एक सुभेदार होते. सुभेदार साहेबांनी त्यांना सांगितलं. त्या सुभेदारांनी हेडक्लार्कला सांगितलं. हेडक्लार्क तमिळनाडूचा, त्यानं बाहेर बाकावर बसलेल्या नितीनला सांगितलं. निरोप पोचल्याचंही त्याच वाटेनं उलट आलं. साखळीच्या प्रत्येक कडीनं आपापल्या वतीनं अभिनंदन जोडलं होतं.

संध्याकाळी मेजर साहेबांचा फोन आला. सीओ साहेबांनी रजा मंजूर केली होती. मी मागितली होती तितकी नाही, त्यातली थोडी कापून, आणि गैरहजेरीचे दिवस पुढच्या वर्षाच्या रजेतून वळते होणार होते. पण बाळ-बाळंतीण घरी जाऊन तात्यांचं प्लास्टर निघेपर्यंत पुरेल एवढी होती. "सीओ साहेबांनी तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं," ते म्हणाले. आणि मग, त्यांना न शोभणाऱ्या उत्साहानं, "आणि जुळ्या मुली! गावडेला माझ्याकडून सांग."

मी म्हटलं, "जुळ्या?"

पण तोवर त्यांनी फोन ठेवला होता, आणि जिन्यावर बुटांचा धाडधाड आवाज झाला होता. नितीन. घामानं भिजलेला, धुळीनं माखलेला. त्यानं मला सॅल्यूट केला, आईच्या पाया पडला आणि पिशवीतून कपडे काढून खाटेवर ठेवले. दोन झबली. दोन टोपडी. मोज्यांचे दोन जोड. दीपाली ग्लानीतून डोळे किलकिले करून बघत होती. तो पाळण्यावर वाकला. दुपट्याची कड उचलून बघितली. मग खाटेच्या पलीकडे बघितलं. मग आईकडे.

"मावशी, दुसरी कुठं हाय?"

"दुसरी कंची रं?"

"दोगी बऱ्या हायेत म्हणले की! दोन पोरी झाल्या म्हणून!"

आधी आई हसली. मग मी. मग दीपाली, आणि ती पोटाशी हात धरून कळवळायला लागली. "हसवू नगा वो, टाके दुखत्यात..." पण तिचं हसू थांबेना. नितीन मध्येच उभा, हातात एक टोपडं, पुणे ते बारामती एवढ्या वाटेत तो दोन लेकींचा बाप होता. त्याला वाईट वाटतंय की काय म्हणून मी गप्प झाले. तो म्हणाला, "मॅडम, मी येष्टीत बसून दोगींची नावं पण ठरवली."

"सांगा की मग," दीपाली म्हणाली.

त्यानं दोन्ही नावं सांगितली. दुसरं सांगताना जरा लाजला. दीपालीनं डोळे मिटून ती मनात म्हणून बघितली, एक, मग दुसरं. पाळण्यातली नाक फेंदारून झोपली होती.

"पहिलं हिला," दीपाली म्हणाली.

"आन् दुसरं?"

"दुसरं ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पुढच्या बारीला रजा आदी मागा."